फौजदाराची शपथ

वरूडच्या अलीकडं, जिथं संत्र्यांच्या बागा विरळ होतात आणि काळी रानं सुरू होतात, तिथं चिंचखेडी नावाचं गाव होतं. त्या गावच्या वस्तीत कोणी "फौजदार आला रे" म्हणून ओरडलं, की नवखा पाहुणा आधी मागचं दार शोधायचा. वस्तीतली माणसं पोट धरून हसायची. कारण फौजदार म्हणजे डोमाजी तायडेच्या घरचं कुत्रं. रंगानं बदामी, एक कान उभा, एक पडलेला, आणि गुण म्हणावा तर भुंकण्यापलीकडं काही नाही.

ते आलं त्याची गोष्ट डोमाजी रंगवून सांगायचा. तेव्हा तो किसनराव पाटलाच्या बागेत संत्री भरायच्या कामावर होता. वरूडच्या बाजारात माल उतरवून रिकाम्या करंड्या बैलगाडीत टाकल्या आणि घरी येऊन बघतो, तर एका करंडीतल्या वाळल्या गवतात मुठीएवढं पिल्लू झोपलेलं. त्याला उचललं तेव्हा नेमका गावात आलेला खरा फौजदार घोड्यावरून चालला होता, आणि हे बेटं डोळे नीट उघडत नव्हते तरी त्याच्यावर भुंकलं. "हा तं त्याचा बी साहेब निंगाला," असं डोमाजी म्हणाला आणि नाव पडलं. पण डोमाजीनं थट्टेत ठेवलेलं नाव त्याच्या पोरानं, देवमननं, अगदी खरं मानलं. देवमन तेव्हा सहा-सात वर्षांचा. फौजदाराला विचारल्याशिवाय तो नदीवरसुद्धा जात नसे.

त्या दोघांचं एकच ताट. एक घास देवमन खाई, दुसरा फौजदार. देवमनची माय पंचफुला करवादायची, "त्याच्या तोंडातलं खाशीन तं एक दिवस भुंकशीन!" पोरगं भुंकून दाखवी. शाळेत मास्तर देवमनला दाराशी बसवत, सगळ्यांच्या मागं. का, ते वस्तीतल्या पोरांनी विचारायचं नव्हतं. फौजदार दाराबाहेर बसे. दोघांच्या मध्ये फक्त उंबरठा. पोराचा एक हात पाटीवर असे आणि दुसरा त्या पडलेल्या कानावर. डोमाजी वरवर म्हणे, की कुत्र्यानं पोराला बिघडवलं. खरं म्हणजे संध्याकाळी कामावरून येताना नाल्यापाशी ते दोघं वाट बघत बसलेले दिसले नाहीत, तर त्याला चालायलाच नको वाटायचं.

आता दोराचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या दोरानं घडवलं.

गावात कोणाचं ढोर मेलं, की मालकाचा निरोप डोमाजीच्या घरी यायचा. ढोर ओढायचा दोर त्याच्या घरी होता, आज्यापासून. वस्तीतले चार जण जायचे, जनावराच्या पायांना फास टाकायचे आणि गावाबाहेरच्या पडीत, जिथं गावाची सगळी हाडं पडत, तिथवर ओढत न्यायचे. त्या फासाची एक गाठ होती. ओढाल तशी आवळत जाणारी, निसटायचं नाव नाही. डोमाजीच्या बापानं ती डोमाजीला शिकवली होती. देवमन अगदी लहान होता तेव्हा बापाच्या मागं मागं दुडदुडत यायचा आणि गाठ मारताना तोंडाचा चंबू करून बघायचा. डोमाजीला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. माणूस कशाकशाचं कौतुक करून बसतो!

मग छप्पन सालचा दसरा आला. वस्ती पांढरे कपडे घालून नागपूरला गेली आणि वेगळीच होऊन परत आली. आल्याबरोबर डोमाजीनं दोर बाहेर काढला आणि वस्तीतल्या सगळ्यांत थोर माणसाच्या, नत्थुजीच्या, अंगणात आणून टाकला.

"जाळतं कायले बाप्पा?" नत्थुजी म्हणाला. "इहिरीले कामी येईन."

"याले इहिरीत बुडवला तरी वास नाही जानार, नत्थुजी," डोमाजी म्हणाला. आणि पेटती काडी लावून सगळ्यांसमोर बोलला, "या हातानं मेलेलं जनावर पुन्हा ओढनार नाही. वस्तीतलं कोनीच ओढनार नाही. माहा शब्द हाये."

डोमाजीचा राग नाकावर आणि शब्द जिभेवर, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवशीचा शब्द सगळ्यांना आवडला. लोकांनी तो आपलाही म्हणून घेतला. पुढं दोनच महिन्यांत बाबासाहेब गेले. वस्तीत चूल पेटली नाही त्या दिवशी. मग तर तो शब्द काळ्या दगडावरची रेघ झाला. परत घ्यायचा म्हटला, तरी ज्यांच्या नावानं दिला होता तेच राहिले नव्हते.

गावानं एकदम काही केलं नाही. शेळ्या-वासरं मरत होती ती ज्याची त्यानं तोंड लपवून ओढली. पण किसनराव पाटलानं बागेतलं वस्तीचं काम बंद केलं. मग पिठाची चक्की बंद झाली, मग दुकानदाराचं तोंड फिरलं. पंचफुला जात्यावर बसायला लागली. डोमाजी लांबच्या बागांमध्ये आळी करायला जाऊ लागला. जाताना अंधार, येताना अंधार. त्याचा साळा अकोल्याला जठारपेठेत एका वखारीवर होता. त्याचा सारखा निरोप, की निघून या, इथं कोणी कोणाला विचारत नाही. पंचफुलेचं मन त्या निरोपाशी घुटमळायचं. डोमाजी म्हणायचा, "मी गेलो तं दोर जाळला कोनं, असं इचारतीन लोक. पेटवून पळाला म्हनतीन."

अठ्ठावन सालच्या वैशाखात पाटलाचा बैल मेला. म्हातारा, जोडीतला डावा. उन्हानं मेला असं गडी म्हणाले. पाटलाचा कामदार गोवर्धन निरोप घेऊन आला आणि वस्तीच्या तोंडाशीच उभा राहून ओरडला, "डोम्या, मालकानं बोलावलं."

"इथं डोम्या कोनी राह्यत नाही," डोमाजी आतून म्हणाला. "डोमाजी राह्यते. आन् बैलासाठी बोलावलं असन तं त्योबी घरी नाही."

वस्तीला मूठभर मांस चढलं. दोन दिवस ते वाक्य घराघरांत फिरत होतं. तिसऱ्या दिवशी पाटलानं आपल्या गड्यांना दुसरी बैलजोडी जुंपायला लावली, आणि तो मेलेला बैल ओढत आणून वस्तीच्या तोंडाशी, निंबाच्या झाडाखाली टाकला. समोर चावडी. बाजूनं नदीकडं आणि बागेकडं जायची एकच वाट. "तुमचं तुमच्या दारात आनून देलं," पाटील म्हणाला, "पाहू आता कोन आधी कंटायते."

वैशाखाचं ऊन. पुढचं काय सांगायचं? बाया पदर नाकाला लावून पाण्याला जायच्या. पोरांना उलट्या झाल्या. घास तोंडात घेतला, की वास आधी आत जायचा. आणि चावडीवर माणसं बसलेली. पानसुपारी खात, वस्तीतून कोण हात लावायला येतं ते बघत. कोणी आलं नाही.

माणसं गेली नाहीत, पण कुत्री गेली. कुत्र्यांना कोण नागपूरला घेऊन गेलं होतं? वस्तीतली कुत्री निंबाखाली जमू लागली; फौजदार तेवढा अजून देवमनच्या पायाशी होता. हे बघून गोवर्धन एका सकाळी दुकानाच्या पायरीवर चार माणसांत म्हणाला, "मानसं मोठी झाली म्हनते. त्याइची कुत्री तं रोज पंगतीले बसून राह्यली. घरात खाल्लं काय आन् घरच्या कुत्र्यानं खाल्लं काय, एकच!"

हसू पसरलं. त्या दिवशी काम मिळालं नव्हतं, म्हणून डोमाजी तिथून परत चालला होता. दुसरा कोणी असता तर एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देता. हा तडक चावडीसमोर गेला. पाटील बसलाच होता.

"आयका पाटील," डोमाजी म्हणाला. "माह्या घरचं कुत्रंबी तुमच्या बैलाले तोंड लावनार नाही. लावलं तं डोमाजी नाव सांगनार नाही."

पाटलानं सुपारी गालात फिरवली. "पाहू," एवढंच म्हणाला.

नत्थुजीला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मानसाइच्या शपथीत कुत्रं काहून गुतवलं? भुकेलं जनावर थे. त्याले काय समजते?"

"समजावतो," डोमाजी म्हणाला. आणि घरी येऊन त्यानं फौजदाराला अंगणातल्या खुंट्याला बांधलं.

फौजदार जन्मात कधी बांधला गेला नव्हता. पहिल्यांदा त्याला तो खेळ वाटला. दोर तोंडात धरून त्यानं शेपटी हलवली. मग दोर काही सुटेना, तेव्हा त्यानं देवमनकडं पाहिलं, मग डोमाजीकडं. घरात सगळ्यांनाच अर्धी भाकर होती. कुत्र्याच्या वाट्याला काय येणार? देवमन आपल्यातली देई आणि पंचफुला बघून न बघितल्यासारखं करी. वारा निंबाकडून आला, की फौजदार खुंट्याभोवती गरगर फिरे आणि रडल्यासारखा आवाज काढी. वस्तीतली बाकी कुत्री गोल झाली होती. ह्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

एका संध्याकाळी देवमननं बापाला विचारलं, "बाबा, फौजदार कुठं नागपूरले आलता? त्यानं कुठं शपथ घेतली?"

खरं तर ह्या प्रश्नाला हसायला हवं होतं. एरवी डोमाजी हसलाच असता. पण दिवसभर उन्हात आळी खणून, निंबाखालून नाक दाबून, चावडीसमोरून मान ताठ ठेवून तो आला होता. त्यानं पोराच्या थोबाडीत दिली. पोरगं रडलं नाही. उठून फौजदाराजवळ जाऊन बसलं. डोमाजीला मग भाकर गेली नाही. पण उठून दोर सोडायचंही त्याला सुचलं नाही. दोन दिवसांत पाटील थकेल, मग सोडू, असं त्यानं मनाला समजावलं. शब्द मोठा असतो आणि कुत्रं लहान असतं, असाच त्याचा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी फौजदार पाण्यालाही तोंड लावेना. देवमन घाबरला. माय जात्यावर होती. त्यानं दोर खुंट्याचा सोडला, आपल्या मनगटाला दोन वेढे दिले आणि घरांच्या मागच्या अंगानं त्याला नदीकडं घेऊन निघाला. निंब टाळून, लांबच्या वाटेनं. पोरानं आपल्या परीनं सगळी काळजी घेतली होती. पण वाऱ्याला कोण सांगणार? वारा फिरला. फौजदारानं नाक वर केलं आणि असा हिसका दिला, की पोराचं मनगट सोलून दोर निसटला.

"फौजदार! ए फौजदार!" देवमन ओरडत मागं पळाला. ती हाक चावडीवर ऐकू गेली आणि सगळे उठून उभे राहिले. त्यांना तमाशाच हवा होता. "आला, आला! डोम्याचा साहेब आला जेवाले!" गोवर्धननं टाळ्या पिटल्या.

नेमका त्याच वेळी डोमाजी कामावरून येत होता. त्या दिवशी काम अर्ध्यातच संपलं होतं. तेवढं एक काम दिवसभर पुरलं असतं तर, असं त्यानं पुढं किती वेळा म्हटलं असेल! त्याच्या हातात काठी होती. समोर बदामी रंगाचा तो जीव दोर फरफटत बैलाकडं धावत होता, आणि चावडी ओठांवर हसू घेऊन उभी होती.

"फौजदार! इकडं ये!" डोमाजी गरजला. त्याच्या हाकेला फौजदार कधीही आला नाही असं झालं नव्हतं. त्यानं पडलेला कान जरा हलवला सुद्धा. पण भूक पुढं ओढत होती. बैल दोन हातांवर राहिला.

डोमाजीनं काठी फेकून मारली.

मारायची नव्हती, भेवडायची होती, असं तो मग म्हणत राहिला. पण हातात भेवडायचं बळ नव्हतं, रागाचं होतं. आणि तो राग फौजदारावरचा नव्हताच. काठी कानामागं बसली. फौजदार ओरडला नाही. तो दमल्यासारखा खाली बसला, वळून डोमाजीकडं पाहिलं, ओळख पटल्यावर शेपटी एकदा मातीवर आपटली आणि आडवा झाला. डोमाजी पोचेपर्यंत संपलं होतं. फौजदाराच्या तोंडात काही नव्हतं. डोमाजीचा शब्द राहिला होता.

देवमन धापा टाकत आला. त्यानं कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बापाकडं बघितलं. डोमाजीला वाटलं, आता हे पोरगं किंचाळावं, शिव्या द्याव्यात, मारावं आपल्याला. पोरानं कुत्र्याच्या गळ्यातला दोर तेवढा सोडवून घेतला.

चावडी गप्प झाली होती. माणसंच ती, एवढं त्यांनाही नको होतं. पण किसनराव पाटलाला गप्प बसणं जमलं नाही. "शब्दाचा पक्का हाये गड्या," तो म्हणाला. "घेऊन जाय आता. का त्यालेबी गडी धाडू?"

डोमाजी वाकला. दोन्ही हात फौजदाराच्या पोटाखाली जाणार, एवढ्यात गोवर्धनला कंठ फुटला. "ओढ, ओढ! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हनते. एक डाव हात बसला का बैलबी ने सोबत!"

चावडीवर पुन्हा हसू झालं, आणि डोमाजीचे हात जागच्या जागी थांबले. या हातानं मेलेलं जनावर, असं म्हणून दोर जाळलेले ते हात. बैल इथं, कुत्रं इथं, आणि वर बघणारे ते डोळे. हात लावला की ते म्हणणार, लावला. कशाला लावला ते कोण विचारणार?

नत्थुजी लगबगीनं आला. "उचल बाप्पा. आपलं हाये थे. आपल्या घरचं मढं उचलाले कोनाची चोरी?"

"आज हे उचललं तं उद्या म्हनतीन, काल उचललं ना," डोमाजी म्हणाला.

"मंग मी उचलतो. बाजूले सर."

"नत्थुजी, हात लावसान तं तुमाले माही शपथ हाये."

म्हाताऱ्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. "तुह्याजवळ शपथेशिवाय दुसरं काही हाये का रे?" एवढं बोलून तो वळला आणि काठी टेकत निघून गेला.

डोमाजीनं पोराला दंडाला धरून उठवलं. देवमनची मांडी सुटली, तेव्हा फौजदाराचं डोकं धपकन मातीवर पडलं. तो आवाज डोमाजीनं ऐकला. घरापर्यंत तो पोराला ओढतच घेऊन गेला.

त्या संध्याकाळी देवमन जेवला नाही. पंचफुलेनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "अकोल्याले गेलो असतो तं जगलं असतं ना वो थे कुत्रं?" उत्तराची वाट न बघता ती जात्यावर बसली. रिकामं जातं किती वेळ फिरत होतं.

सकाळी उन्हं वर आली तेव्हा वस्तीच्या तोंडाशी गलका झाला. डोमाजी धावला. निंबाखाली देवमन होता. एवढ्याशा पोराला कुत्रं उचलत नव्हतं, म्हणून त्यानं घरून दुसरा दोर आणला होता. फौजदाराचे पुढचे पाय त्यानं एकत्र घेतले होते, त्यांना फास टाकला होता, आणि दोर खांद्यावर घेऊन, पुढं वाकून, सगळा जीव लावून तो ओढत होता. चार पावलं ओढे, थांबे, मागं वळून फौजदाराच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलून लावी आणि पुन्हा ओढी.

चावडीवर सकाळची माणसं जमली होती. "पाह्य पाटील," गोवर्धन म्हणाला, "बापानं दोर जाळला, पन पोरगं गाठ नाही इसरलं!"

डोमाजीनं पाहिलं. तीच गाठ होती. ओढाल तशी आवळत जाणारी, त्याच्या बापाची, आज्याची. कोणी न शिकवता पोरानं ती उचलली होती, बापाच्या मागं दुडदुडताना. ही गाठ इथवर येऊ नये म्हणून तर त्यानं दोर जाळला होता. त्यासाठीच तर सगळी उपासमार. तो गुडघ्यांवर बसला आणि गाठ सोडायला लागला. आवळलेली गाठ सुटेना. नखं लावली, दात लावले. शेवटी सुटली. तेवढं करताना त्याचे हात फौजदाराच्या पायांना लागलेच, पण तेव्हा त्याच्या ते ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं असतं, तर कदाचित त्यानं उचललंही असतं. तेही जमलं नाही. त्यानं दोर गुंडाळला, पोराला खांद्यावर टाकलं आणि वस्तीत घेऊन आला. पोरगं खांद्यावर उलटं, डोळे निंबाकडं. फौजदार वाटेच्या मधोमध राहिला होता, बैलापासून थोडा दूर आणि घरापासूनही.

आणि बघा, नशीब कशी थट्टा करतं. त्याच दुपारी अमरावतीचे व्यापारी पाटलाच्या बागेतला संत्र्यांचा आंबिया बहार झाडावरच खरेदी करायला आले. बागेची वाट निंबाखालून. त्यांची मोटार तिथवर आली, थांबली, आतल्या शेटजीनं उपरणं नाकाला लावलं आणि मोटार आल्या वाटेनं परत गेली. पाटील चावडीवरून हात करत मोटारीमागं धावला म्हणे. जे माणुसकीला जमलं नाही, ते संत्र्यांनी केलं. दिवस कलायच्या आत पाटलाचे स्वतःचे गडी, नाकाला फडकी बांधून, गाडी घेऊन आले. बैलाचं जे उरलं होतं ते त्यांनी गाडीत भरलं. वाटेतलं कुत्रंही पाय धरून वर फेकलं. गावाबाहेरच्या पडीत सगळं नेऊन टाकलं.

वस्ती जिंकली. माणसांनी निंबाखालची जागा खरवडून धुतली, बायांनी गूळ वाटला. पुष्कळ जण डोमाजीकडं येऊन गेले. "तुह्यामुळं टिकलो," म्हणाले. "घरचा जीव गेला, पन वाकला नाही बाप्पा तू." एरवी ह्या बोलण्यानं डोमाजीची छाती फुगली असती. गुळाचा खडा त्याच्या हातात चिकट होत राहिला. नत्थुजी आला नाही. देवमन ओट्यावर खुंट्याचा दोर मांडीवर घेऊन बसला होता. कोणीतरी त्याच्या हातात गूळ ठेवला, तो त्यानं शेजारी फौजदाराच्या जागेवर ठेवून दिला. त्याला मुंग्या लागल्या.

दिवस मावळताना डोमाजी उठला. चावडी रिकामी होती; बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून माणसं घरोघरी गेली होती. तो पडीत गेला. दीड वर्षानं त्याचे पाय त्या वाटेला लागले. हाडांच्या कडेला फौजदार वेडावाकडा पडला होता. डोमाजी त्याच्याजवळ बसला आणि तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडला. मग तान्ह्या लेकराला घेतात तसं त्याला दोन्ही हातांवर उचललं. किती हलका झाला होता! आता हात अडले नाहीत. मेलेलं जनावर हे शब्द मनात आले आणि निघून गेले. त्याला वाटलं, एवढं साधं होतं.

रिकाम्या वाटेनं, रिकाम्या चावडीसमोरून तो वस्तीत आला. देवमन ओट्यावरच होता.

"देवमन," डोमाजी म्हणाला, "आनला रे मी त्याले. चाल, आपन दोघं मिळून नाल्यापाशी खड्डा करू. तुमी बसत होते ना, तिथं."

पंचफुला आतून कुदळ घेऊन आली आणि दारातच थांबली.

देवमननं फौजदाराकडं बघितलं. मग मान वळवून चावडीकडं बघितलं. तिथं कोणी नव्हतं. मग बापाकडं. कालपासून ते पोरगं एक शब्द बोललं नव्हतं.

"आता कोनी पाहून नाही राह्यलं," ते म्हणालं, "म्हनून आनला ना, बाबा?"

देवमन उठला, त्यानं मायच्या हातातली कुदळ घेऊन काखेत धरली आणि एकटाच नाल्याकडं चालू लागला. दोन पावलांवर थांबून, मागं न बघता, त्यानं दोन्ही हात पसरले. डोमाजीनं पुढं येऊन कुत्रं त्या हातांवर ठेवलं. ते त्या हातांना पेलत नव्हतं. तरी पोरानं ते बापाला धरू दिलं नाही.